टिटवी कां ओरडली?

उपदेशक, शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि खेड्यांतील बंधुभगिनी यांकरितां अभ्यासपाठ

शास्त्रपाठ : मत्तय ६:२५–३४, लूक १२:२२–३१, लेवीय १९:२६, अनुवाद २२:६, ७.

पर्वतावरील प्रवचनांत प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस पांखरांकडे पाहावयास सांगितलें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. ह्या विषयावर आपण पुष्कळ उपदेश ऐकिले आहेत, आणि आपल्यापैकीं कित्येकांनीं ते केलेही आहेत. परंतु उपदेश करणाऱ्यास जर कोणीं विचारिलें कीं, "बाबा, तूं स्वतः पांखरांकडे शेवटचें केव्हां पाहिलेंस?" तर त्यानें काय उत्तर द्यावें? मला तरी मान खालीं घालावी लागली असती. चिंता करूं नये, हा त्या शिकवणीचा शेवट आम्हीं धरिला. पाहावें, ही तिची सुरुवात मात्र सोडून दिली.

मूळ ग्रीक भाषेंत मत्तयानें योजिलेल्या शब्दाचा अर्थ सहज नजर टाकणें असा नाहीं, दृष्टि लावून पाहणें असा आहे. लूकानें योजिलेल्या शब्दांत पाहून मनांत नीट विचार करणें हाही अर्थ येतो. शिवाय लूकाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें नांव घेतलें तें कावळ्याचें. आणि कावळा तर मोशेच्या नियमशास्त्रांत अशुद्ध पांखरांमध्यें गणिला आहे (लेवीय ११:१५). ज्याच्याकडे लोक पाठ फिरवीत, त्याच्याकडेच लक्ष देण्यास प्रभूनें सांगितलें. ही गोष्ट ध्यानांत ठेवून पुढील हकीकत वाचावी.

रात्रींची हांक

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरांत उगम पावते. १९२६ सालीं पुरें झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणांतून ती खालीं उतरते, आणि अकोले व संगमनेर ह्या गांवांवरून जाऊन प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते. अकोल्याच्या वरच्या अंगास तिचें खोरें अरुंद आहे. दोहों बाजूंस सह्याद्रीचे फांटे, मध्यें शेतें, आणि उन्हाळ्यांत दगडगोट्यांतून वाहणारी पाण्याची बारीक धार. गेल्या मे महिन्यांत तेथील एका वाडीवर मुलांच्या शास्त्रवर्गासाठीं मी गेलों होतों.

पहिल्याच रात्रीं अंगणांत निजलों असतां मध्यरात्रीच्या सुमारास टिटवी ओरडली. ती ओरडत घरांवरून गेली, परत फिरली आणि पुन्हां ओरडली. शेजारच्या घरांत दिवा लागला. कोणी तरी कुजबुजलें, आणि एक लहान मूल रडूं लागलें. त्या मुलाला तीन दिवसांपासून ताप येत होता, आणि तिन्ही रात्रीं टिटवी त्याच घरावरून ओरडत गेली होती. टिटवी रात्रीं घरावरून ओरडली म्हणजे त्या घरांतून कोणी तरी जाणार, हा समज आपल्या खेड्यांत किती खोल रुजला आहे, तें वाचकांस सांगावयास नको. मुलाच्या आजीनें शेजारच्या गांवच्या देवऋष्यास निरोप धाडण्याचें मनांत आणिलें होतें. आणि तो येऊन जाईपर्यंत मुलास घराबाहेर काढूं नये, असें तिचें म्हणणें होतें.

तें घर आपल्याच मंडळींतलें, दोन पिढ्यांपूर्वीं बाप्तिस्मा घेतलेलें. परंतु त्यांस दोष देण्याचें धाडस मला होत नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या ओरडण्यानें माझ्याही अंगावर कांटा उभा राहिला. तोंडानें मी प्रार्थना केली. कान मात्र टिटवीकडेच लागले होते.

गुरुजींचे चार प्रश्न

दुसऱ्या दिवशीं पहांटे मुलांस पांखरें दाखवावीं असें आधींच ठरलें होतें. दाखविणारे म्हणजे मंडळींतील एक वृद्ध, निवृत्त शिक्षक. साडेपांच वाजतां, झुंजुमुंजु होत असतां, आम्ही निघालों. दहाबारा मुलें होतीं. त्यांतील दोघांच्या गळ्यांत गलोल होती. आजारी मुलाच्या बापासही गुरुजींनीं हांक मारून बरोबर घेतलें. रात्रभर जागल्यानें त्याचे डोळे लाल झाले होते. वाटेंत तो म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला पांखरांचें कळतें. ही टिटवी माझ्याच घरावरून कां ओरडते?"

गुरुजींनीं त्याची थट्टा केली नाहीं कीं त्याला उपदेश केला नाहीं. ते म्हणाले, "मला ठाऊक नाहीं, बाळा. चल, तिलाच विचारूं."

नदीच्या वाटेवर त्यांनीं मुलांस थांबविलें आणि पाहण्याची रीत सांगितली. बोलणें बंद ठेवावें. सूर्य पाठीमागें असावा. आधीं कान द्यावा, मग डोळा. पांखरूं दिसलें म्हणजे मनांत चार प्रश्न विचारावे. पहिला, तें केवढें आहे? चिमणीएवढें, साळुंकीएवढें, कीं कावळ्याएवढें? दुसरा, अंगावर कोठें कोणता रंग आहे? तिसरा, तें काय करीत आहे? चौथा, तें कशासाठीं करीत असेल? "आणि एक नियम," गुरुजी म्हणाले, "पहिल्या तिहींचीं उत्तरें मिळाल्यावांचून चौथ्याचें उत्तर देऊं नये. माणसाची सगळी फसगत तेथेंच होते."

ह्या नियमाची सत्यता आम्हांस लौकरच दिसून आली. आमराईंत कोकीळ गात होती. मुलांस ती मादी वाटली, कारण आपण सर्व 'ती कोकिळा' असेंच म्हणतों. पण गाणारा पक्षी काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा नर होता. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके असलेली. ती पलीकडे पानांआड गप्प बसून कावळ्याच्या घरट्यावर नजर ठेवीत होती. आपलें अंडें ती त्याच घरट्यांत घालणार.

पुढें एका पडक्या विहिरीवर वांकलेल्या बाभळीला सुगरणीचीं मागच्या वर्षींचीं घरटीं लोंबत होतीं. तेथेंही तोच प्रकार. नांव सुगरण, विणणारा मात्र नर. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनीं १९३० सालीं त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतील किहीम येथें ह्या पांखरांचें धीरानें निरीक्षण केलें, तेव्हां त्यांची रीत उघड झाली. नर घरटें अर्धें विणून थांबतो. माद्या येऊन तें पारखून पाहतात. एखादीनें पसंत केलें म्हणजे मगच तो तें पुरें करितो. हीं पांखरें हजारों वर्षें आपल्या विहिरींवर विणीत आलीं. पण दृष्टि लावून कोणी तरी बसला, तेव्हां तें कळलें.

काठावर भारद्वाज दिसला. तो दिसला म्हणजे दिवस चांगला जातो, असें एक मुलगा म्हणाला. गुरुजी म्हणाले, "आपला जात असेल. बुलबुलाला विचारून पाहा." कारण भारद्वाज इतर पांखरांचीं अंडीं व पिलें खातो. पलीकडे आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशीं पिंगळा बसला होता. त्याचें तोंड पाहूं नये असें म्हणतात; परंतु तो रात्रभर शेतांतील किडे व उंदीर मारितो. ज्याला आपण शुभ म्हणतों व ज्याला अशुभ म्हणतों, त्या दोघांकडेही आपण पाहिलेलें नसतें.

नदीच्या मातीच्या दरडीला बोटाच्या लांबीहून बरींच खोल बिळें होतीं. तीं वेड्या राघूंचीं. अंगानें हिरवे, शेपटींत दोन लांब बारीक पिसें, आणि चोंचींत गांधीलमाशी. ती फांदीवर आपटून, नांगी निरुपद्रवी करून ते पिलांसाठीं बिळांत नेत होते. गुरुजींनीं मुलांस खेपा मोजावयास लाविलें. पाव तासांत एका बिळाच्या अकरा खेपा झाल्या. देवबाप पांखरांस खाऊं घालतो, ह्याचा अर्थ पांखरें रिकामीं बसतात असा नव्हे, हें मुलांस न सांगतां कळलें. त्यांच्या ठिकाणीं श्रम आहेत. भय बाळगून उद्यांचा हिशेब मांडीत बसणें मात्र नाहीं.

टिटवीचें उत्तर

उन्हें वर आलीं तेव्हां आम्ही आजारी मुलाच्या घराखालच्या गोटाळ पात्रांत पोहोंचलों. एकाएकीं टिटवी उठली. मुलें दचकलीं, आणि मुलाचा बाप जागच्या जागीं थांबला. ती आमच्या डोक्यावरून ओरडत गेली, पुढें जाऊन खालीं उतरली आणि एक पंख जमिनीवर फरफटवीत लंगडत चालूं लागली. एका मुलाचा हात गलोलीकडे गेला. गुरुजींनीं खूण करून सर्वांस मागें घेतलें आणि एका करंजाच्या सावलींत बसविलें.

"आतां प्रश्न विचारा," ते हळूच म्हणाले.

केवढी? कबुतराहून थोडी मोठी, उंच पिवळ्या पायांची. रंग? पाठ तपकिरी, छाती काळी, पोट पांढरें, डोळ्यापुढें लाल मांसल झालर. काय करीत आहे? आम्ही बसलों तसें तिचें लंगडणें थांबलें. पंख ठीक होता. ती थोडी धांवे, थांबे, इकडे तिकडे पाही, पुन्हां धांवे. असें करीत ती पाण्याच्या कडेला गेली, पोट पाण्यांत बुडविलें, आणि ओल्या पिसांनिशीं परत येऊन एका साध्या दगडाळ जागेवर अलगद बसली.

गुरुजींनीं जवळचें एक झुडूप खुणेस धरिलें, आणि दोघां दोघांस पाऊल जपून टाकीत तेथें नेलें. तेथें घरटें म्हणावें असें कांहींच नव्हतें. खड्यांच्या वळशांत, खड्यांच्याच रंगाचीं, काळ्या डागांचीं चार अंडीं होतीं. मुलाच्या बापाचें पाऊल त्यांपासून वीतभर अंतरावर होतें. तरी दाखविल्यावांचून त्याला तीं दिसलीं नाहींत. आम्हीं हात न लावतां लगेच मागें फिरलों, कारण मेच्या उन्हांत अंडीं थोडा वेळ उघडीं राहिलीं तरी भाजून निघतात. म्हणूनच टिटवी पोट भिजवून त्यांवर बसते. नर व मादी आळीपाळीनें, सुमारें चार आठवडे हें काम करितात. कोणी जवळ आलें म्हणजे ओरडून, लंगडण्याचें सोंग करून, स्वतःचा जीव पुढें करून तीं त्याला अंड्यांपासून दूर नेतात.

"ती रात्रीं कां ओरडते, तें आतां तूंच सांग," गुरुजी त्या बापास म्हणाले.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कुत्रीं. चार दिवसांपूर्वीं माझें वासरूं मेलें. तें मींच खालीं नदींत टाकिलें. तेव्हांपासून रोज रात्रीं वाडीचीं कुत्रीं माझ्या घरावरून तेथें उतरतात."

वाऱ्याबरोबर येणारी दुर्गंधी तेव्हां आम्हां सर्वांच्या ध्यानांत आली.

एक जुनें पांखरूं

परत येतांना गुरुजींनीं आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणीं मेलेलें जनावर गांवाबाहेर टाकिलें म्हणजे घटकाभरांत आकाशांत गिधाडें घिरट्या घालूं लागत, आणि संध्याकाळपर्यंत हाडें तेवढीं उरत. कुत्र्यांस फारसें कांहीं मिळत नसे. तेव्हां गिधाड घरावर बसलें तर लोक अपशकुन मानीत. १९९० नंतरच्या वर्षांत तीं पांखरें झपाट्यानें नाहींशीं झालीं. भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें १९९२ ते २००७ ह्या काळांत इतकीं घटलीं कीं हजारांतून जेमतेम एक उरलें.

ह्याचें कारण २००४ सालीं उघड झालें. गुरांच्या सुजेवर व दुखण्यावर डायक्लोफिनॅक नांवाचें औषध देत असत. तें दिल्यावर जनावर लौकरच मेलें आणि गिधाडांनीं खाल्लें, तर त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरत. २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं ह्या औषधावर बंदी घातली. मुद्दाम कोणीं गिधाडांस मारिलें नाहीं. जनावराचें दुखणें कमी व्हावें म्हणूनच लोक औषध देत. पण अशुभ म्हणून ज्यांच्याकडे पाहावयाचें नाहीं, तीं कमी होत आहेत हें तरी गांवांत कोणाच्या ध्यानांत यावें? गिधाडें गेलीं, मेलेलीं जनावरें पडून राहूं लागलीं, आणि कुत्रीं वाढलीं. टिटवीच्या हांकेचा उगम असा पुष्कळ लांबचा होता. पण त्यांतील कोणताही दुवा भुताखेतांचा नव्हता.

पुढें काय झालें

मुलाचा बाप घरीं गेला, त्यानें आईला नदींतील चार अंड्यांची हकीकत सांगितली, आणि त्याच सकाळीं मुलास घेऊन तो सरकारी दवाखान्यांत गेला. दुपारीं आम्हीं कांहीं जणांनीं कुदळ-फावडें घेऊन, टिटवीपासून दूर, खोल खड्डा खणून वासरूं पुरलें. मुलाचा ताप आठवड्याभरांत उतरला.

येथें वाचकांनीं सावध राहावें. मूल बरें झालें म्हणून टिटवी निर्दोष ठरली, असें कोणी समजूं नये. तें बरें झालें नसतें, तरी टिटवी आपल्या अंड्यांसाठींच ओरडली असती. एका शकुनावर दुसऱ्या शकुनानें मात करणें हा विश्वास नव्हे. प्रभूनेंही असें सांगितलें नाहीं कीं चिमणी कधीं भूमीवर पडतच नाहीं. ती पडते, परंतु बापाच्या नजरेबाहेर पडत नाहीं, हें त्यानें सांगितलें (मत्तय १०:२९ पाहा). पुढें गुरुजींचें पत्र आलें कीं चार अंड्यांतून तीन पिलें निघालीं. एक अंडें गेलें. आमचा धीर अंडें फुटत नाहीं ह्यावर नाहीं, पाहणाऱ्या बापावर आहे.

पाठाचें सार

पहिली गोष्ट, पाहणें ही आज्ञा आहे. ती पाळल्यावांचून चिंता न करण्याचा उपदेश पोकळ राहतो.

दुसरी, शकुन पाहण्याची देवानें आपल्या लोकांस मनाई केली, ती त्यांचें जग लहान व्हावें म्हणून नव्हे. शकुन मानणारा मनुष्य टिटवीचा आवाज ऐकतो, पण टिटवीकडे पाहत नाहीं. चौथ्या प्रश्नाचें उत्तर तो पहिल्या प्रश्नाआधींच देतो. त्याच्या जगांत सर्व पांखरें त्याच्याच विषयीं बोलत असतात. ह्या बंदिवासांतून देव आपणांस सोडवितो. टिटवीला आपलें घर आहे, आपलीं अंडीं आहेत, आपलें काम आहे, हें कळलें कीं भय आपोआप गळतें.

तिसरी, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत वाटेवरच्या घरट्याविषयीं व त्यावर बसलेल्या आईविषयीं नियम आहे. एवढ्याशा घरट्याची काळजी नियमशास्त्रानें वाहिली, तर आपल्या गलोलीची व आपल्या मेलेल्या जनावराची काळजी आपण कां वाहूं नये? जातांना त्या दोन मुलांपैकीं एकानें आपली गलोल खिशांत घातली. दुसऱ्याची गळ्यांतच राहिली. त्याला आणखी एकदां न्यावें लागेल.

त्या रात्रीं मी पुन्हां अंगणांत निजलों होतों. मध्यरात्रीं टिटवी ओरडली. कुत्र्यांची संवय एका दिवसांत कशी मोडावी? शेजारच्या घरांत दिवा लागला. मुलाचा बाप दार उघडून बाहेर आला. "कुत्रीं उतरलीं वाटतें," असें म्हणून त्यानें काठी घेतली, आणि तो टिटवीच्या मदतीस नदीकडे गेला.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. लूकाच्या शुभवर्तमानांत प्रभूनें कोणत्या पांखराचें नांव घेतलें? त्याची निवड विशेष कां?

२. आपल्या गांवांत कोणतीं पांखरें अशुभ मानितात? त्यांपैकीं एकाकडे ह्या आठवड्यांत लक्ष देऊन, गुरुजींच्या पहिल्या तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहून आणावीं.

३. आजारी मनुष्याच्या घरीं कोणीं शकुनाची गोष्ट काढिली, तर उपदेशकानें त्या घरच्यांस न दुखवितां प्रथम काय करावें?

४. आपल्या गांवांत मेलेलीं जनावरें कोठें टाकितात? मंडळीनें त्याविषयीं काय करावें?